व्यवसाय कर, दोनशे रुपये

नोव्हेंबर लागला की राज्यातल्या निवृत्त माणसांना आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवावे लागते. कोषागाराकडून बँकेच्या शाखेत यादी जाते. त्यात आपले नाव शोधायचे आणि पुढे सही करायची. हात फारच थरथरत असेल तर अंगठा. आता मोबाईलसमोर चेहरा धरून पापणी मिटून उघडली तरी चालते. मी नोकरीभर या यादीच्या दुसऱ्या बाजूला होतो, जिल्हा कोषागारात. पीपीओ, अंशराशीकरण, उपदान, वयाची ऐंशी पूर्ण झाल्यावर मिळणारी वाढ हे शब्द बाहेरच्यांना जड वाटतात. आमच्या घरात ते मुलांनाही पाठ होते.

ज्याची सही आली नाही त्याचे पुढचे निवृत्तिवेतन रोखायचे, असा साधा नियम. रोखले की टेबलापुढे दोन तऱ्हेची माणसे येत. काही विसरभोळी असत. ती चिडून येत. दुसऱ्या असत बायका, पिशवीत नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन आलेल्या. कुटुंब निवृत्तिवेतन म्हणजे शेवटच्या मूळ वेतनाच्या 30 टक्के. मी कागदावर आकडेमोड करून दाखवू लागे, पण त्यांचे आकड्याकडे लक्ष नसे. त्या विचारत, "साहेब, दर महिन्याला येईल ना?" किती, ते नंतर. आधी दर महिन्याला. सुरक्षितता या विषयावर मी पुढे जे काही वाचले, ते या प्रश्नाच्या फार पुढे गेलेले मला आढळले नाही.

आज मी स्वतः यादीतला माणूस आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, वर महागाईभत्ता, तो जानेवारीत आणि जुलैत वाढणारा. दर महिन्याला येईल ना, याचे उत्तर माझ्यापुरते 'हो' असे आहे आणि त्यात शंका घ्यायला जागा नाही. तरीही पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागेपर्यंत मी हिशेब करत पडतो. आजारपण आले तर, मुलाची नोकरी गेली तर, दोघांपैकी एक मागे राहिले तर. पोटापाण्याची हमी मिळालेल्या माणसाला एवढी भीती कशाची, हे एकदा स्वतःला नीट विचारावे म्हणून हे लिहायला बसलो.

आधी मार्च 2023 बद्दल लिहितो, कारण तिथे मला माझे मन स्पष्ट दिसले. 14 मार्चला राज्य सरकारी कर्मचारी, शिक्षक, जिल्हा परिषदांचे कर्मचारी संपावर गेले. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा गावोगाव ऐकू आली. 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीत लागलेल्यांना तेव्हा आमच्यासारखे निवृत्तिवेतन नव्हते. त्यांच्या पगारातून अंशदान कापले जाई, सरकार आपला वाटा घाली, ती रक्कम बाजारात गुंतवली जाई आणि शेवटी काय हाती पडेल ते बाजार ठरवी. माझ्या हाताखाली काम शिकलेली मुले-मुली त्या संपात होती. काम तेच, टेबल तेच, 31 मार्चच्या रात्री बारापर्यंत देयके पास करण्याची धावपळही तीच. सेवेत असताना त्यांच्यातला कोणी गेला तर मागच्यांना आमच्यासारखे कुटुंब निवृत्तिवेतन कित्येक वर्षे नव्हते. संपानंतर ते मिळाले. आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठिंब्याचे संदेश फिरत होते. मीही पुढे पाठवले. पण ते पाठवताना मनात जे आले ते मी कुणाला सांगितलेले नाही. पहिला विचार, बरे झाले, आपण वेळेत लागलो. दुसरा विचार त्याहून वाईट. या सगळ्यांना दिले तर आम्हाला द्यायला तिजोरीत उरेल ना? राज्याच्या महसुलाचा किती मोठा वाटा वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांत जातो हे मला नोकरीमुळे ठाऊक. ते ज्ञान त्या दिवशी माझ्या उपयोगी पडले ते असे, की शेजारच्या पानात वाढले तर आपले कमी पडेल काय, एवढेच मी मोजत बसलो. संप 20 मार्चला मिटला आणि मला हायसे वाटले. कशाबद्दल हायसे, हे मी तेव्हा तपासले नाही.

आम्ही निवृत्त लोक 17 डिसेंबर हा दिवस साजरा करतो. 1982 साली त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निर्णय दिला की निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेपोटी मिळणारा तो हक्क आहे, आणि म्हातारपणी माणसाला सन्मानाने जगता यावे यासाठीची ती सामाजिक न्यायाची तजवीजही आहे. हार, श्रीफळ, ज्येष्ठांचा सत्कार, मग थाळी. भाषणात प्रत्येक वक्ता म्हणतो की आपण भीक मागत नाही. बरोबर आहे, मागत नाहीच. पण निर्णयातला सामाजिक न्याय हा दुसरा अर्धा भाग आमच्या भाषणांत क्वचित येतो. सेवेपोटी, म्हणजे माझ्या सेवेपोटी, एवढ्यावर टाळी पडते.

कोषागारात आमच्याकडे आणखीही देयके येत. तहसीलदारांकडून संजय गांधी निराधारची, श्रावणबाळची. श्रावणबाळ योजनेत पासष्ट वर्षांवरच्या म्हाताऱ्याला आता महिना 1,500 रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते. महिन्याचे नव्हे, वर्षाचे. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयासाठी केंद्राचा वाटा 200 रुपये आहे. ही रक्कम किती अपुरी आहे यावर पुष्कळांनी लिहिले आहे. मला टोचते ते वेगळे. आमचे पैसे ठरलेल्या तारखेला जमा होत. निराधारांचे मात्र, अनुदान आले नाही की, दोन-दोन, तीन-तीन महिने अडकत. म्हणजे ज्या बाईला 'दर महिन्याला' या शब्दाची गरज सगळ्यांत जास्त, तिच्याच बाबतीत त्याची शाश्वती सगळ्यांत कमी. हे मी अनेक वर्षे पाहिले. अनुदान नसताना देयक पास करणे माझ्या हातात नव्हते, हे खरे. पण माझे वेतन असे एकदा जरी तीन महिने अडकले असते तर आमच्या संघटनेने कार्यालयासमोर मांडव घातला असता, हेही खरे. त्या बाईची संघटना नव्हती आणि मी तिच्यासाठी एक टिपणीही कधी वर पाठवली नाही.

असो. माझ्या भीतीकडे येतो.

निवृत्तीचे पैसे आले तेव्हा मी ते बँकांत वाटले. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत विम्यातून मिळतात, म्हणून एका बँकेत व्याज धरूनही 5 लाखांच्या वर जाऊ नये अशा बेताने थोडी कमीच रक्कम ठेवली. ही 5 लाखांची मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासूनची. त्याआधी कितीतरी वर्षे ती 1 लाख होती. ठेवींच्या या विम्यामागे एक अकोल्याची गोष्ट आहे. 1960 साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. लोकांचे पैसे अडकले, बँकांवरचा विश्वास उडाला, आणि त्या धक्क्यातून कायदा होऊन 1962 पासून ठेवींना विमा मिळाला. सुरुवातीला तो 1,500 रुपयांचा होता. म्हणजे अकोल्यातल्या कुणाचे तरी पैसे बुडाले म्हणून आज माझे सुरक्षित आहेत. ठेवींच्या पावत्या फाईलला लावताना हा विचार माझ्या मनात आला नव्हता. तेव्हा व्याजाचा अर्धा टक्का कुठे जास्त मिळतो हे चालले होते.

बँका वाढल्या तशा काळज्याही वाढल्या. प्रत्येक ठिकाणी केवायसी, प्रत्येक ठिकाणी एप्रिलमध्ये व्याजावर कर कापू नये म्हणून अर्ज, नामनिर्देशन, मुदत संपण्याच्या तारखा. त्यांची एक वही आहे. वही हरवली तर म्हणून तिची झेरॉक्स आहे. झेरॉक्स कुठे ठेवली हे बायकोला सांगून ठेवले आहे आणि ती विसरेल म्हणून मुलालाही. सगळे इतके पक्के केले आणि मग ओळखीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांचे कळले. त्यांना फोन आला, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत. मग व्हिडिओवर खाकी गणवेश, मागे बोधचिन्ह, आणि 'तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात' असे फर्मान. कायद्यात असली काही अटक नाही, हे त्यांना नोकरीमुळे माहीत असायला हवे होते. तरी ते स्वतःच्याच घरात, दाराला आतून कडी घालून, कॅमेऱ्यासमोर बसून राहिले आणि स्वतःच्या हाताने ठेवी मोडून पैसे पाठवत गेले. खाली वॉचमन होता, जिन्यात सीसीटीव्ही होता, दाराला जाळीचा दुसरा दरवाजा होता. चोर यातल्या कशातूनच आला नाही. तो आला त्यांच्या भीतीतून. जन्मभर जपलेले नाव आणि साठवलेले पैसे दोन्ही एकदम जातील ही भीती. ज्याच्याकडे गमवायला काही नाही त्याला असला फोन लावून काय मिळणार?

गावाकडे आमच्या दाराला कुलूप नसायचे, असे आमच्या पिढीतली माणसे मोठ्या प्रेमाने सांगतात. आमच्याही दाराला नव्हते. चोरायला काही नव्हते म्हणून. त्या गरिबीबद्दल मला कसलाही जिव्हाळा नाही आणि ती कुणाला चुकूनही परत मिळू नये असे वाटते. सुरक्षिततेची ओढ म्हणजे मनाचा कमकुवतपणा, असे सांगणारे बुवा-महाराज मला म्हणूनच पटत नाहीत. पोटभर जेवलेल्यांपुढे वैराग्य सांगणे सोपे असते.

माझे गाव माणदेशात, साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात. 1972 साली मी दहा वर्षांचा होतो. त्या साली पाऊस गेला तो गेलाच. त्याआधीची वर्षेही ओढीची होती, म्हणून कणग्या आधीच रिकाम्या. दुष्काळी कामे निघाली: खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नाला बंडिंग. आये खडी फोडायला जायची. शाळेत सुकडी मिळायची आणि घरी मिलोच्या लाल भाकरी. ती जोंधळ्याच्या भाकरीसारखी लागायची नाही, पण पोटात जायची. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ 50 लाख माणसे अशा कामांवर होती. जनावरे मेली, माणसे खंगली, पण पूर्वीच्या दुष्काळांसारखे माणसांचे मरण मोठ्या प्रमाणावर टळले. आये मस्टरवर अंगठा द्यायची. मुकादम नाव पुकारायचा आणि ती 'हाय' म्हणायची. एकदा मी विचारले होते, पाऊस आलाच नाही तर? ती म्हणाली, "काम हाय तवर पावसाची काय भ्या घ्याची." तिच्या जगण्यात पहिल्यांदाच आभाळाखेरीज दुसरी कसली तरी हमी आली होती. त्या हमीच्या मोबदल्यात ती दिवसभर दगड फोडत होती.

दुष्काळ सरला, पण ती कल्पना सरली नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी दुष्काळाच्या आधीच सांगली जिल्ह्यात तासगावकडे तिचा लहानसा प्रयोग करून पाहिला होता: मागेल त्याला काम. 1977 साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता. देशाने असा कायदा करायला 2005 साल उजाडले. पण माझ्या आत्मपरीक्षणाशी संबंध आहे तो या योजनेच्या पैशाचा. खेड्यातल्या मजुराला कामाची हमी द्यायची तर पैसा कुठून आणायचा? त्यासाठी 1975 साली राज्याने व्यवसाय कर बसवला. पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर अशा कमावत्या माणसांकडून थोडे थोडे घ्यायचे आणि सरकारने त्यात आपली भर घालायची. राज्यघटनेने या कराला वरची मर्यादा घातलेली आहे. ती 1988 च्या दुरुस्तीने वर्षाला 2,500 रुपये झाली, आणि आजही तेवढीच आहे. म्हणून पगारपत्रकात अकरा महिने 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300.

हे मी वाचून शिकलो नाही. कोषागारात तर हे रोजचे. लेखाशीर्ष मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. आणि तरीही पगारपत्रक हातात आले की त्या ओळीकडे पाहून मी कपाळाला आठ्या घालत असे. फेब्रुवारीतले जादा शंभर रुपये तर आमच्या कार्यालयात चेष्टेचा विषय होते. ज्या हमीवर माझी आई मला जगवू शकली, त्याच हमीला पैसा पुरवणारी ती ओळ, आणि मी तिला 'कपात' म्हणत होतो. त्याच पत्रकात खाली भविष्य निर्वाह निधीची ओळ असे, तिच्यातून कितीतरी मोठी रक्कम जाई. तिला मी 'बचत' म्हणत होतो. माझ्या नावावर परत येणार ती बचत, दुसऱ्याच्या उपयोगी पडणार ती कपात. निवृत्त झाल्यावर व्यवसाय कर थांबला. त्या महिन्यात मला बरे वाटले होते.

हाच हिशेब विम्यातही चालतो. आयुर्विमा महामंडळ 1 सप्टेंबर 1956 ला स्थापन झाले. ज्योतीला दोन हातांचा आडोसा हे त्याचे चिन्ह आणि गीतेच्या नवव्या अध्यायातले ब्रीद मराठी घराघरांत पोचले. पण विमा म्हणजे नेमके काय, हे आपण मनातून कधी मान्य केलेले नाही. एजंट पॉलिसी घेऊन आला की पहिला प्रश्न, परत किती मिळणार? फक्त मृत्यूनंतरच पैसे देणारा, कमी हप्त्याचा विमा आपल्याला नको असतो. जगलो तर पैसे बुडाले असे वाटते. मी आरोग्य विम्याचा हप्ता भरतो. वर्षभर दवाखान्याचे तोंड पाहावे लागले नाही की कट्ट्यावर सगळे म्हणतात, यंदाचा हप्ता वाया गेला. मीही म्हणतो. वाया म्हणजे कुठे गेला? कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या बायपासमध्ये गेला, कुणाच्या तरी डायलिसिसमध्ये गेला. कंपनीचा नफा आणि खर्च वजा जाता तो दुसऱ्याच्या अंगी लागला. तसा तो जावा म्हणूनच तर विमा असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला, तेव्हा कट्ट्यावर पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. तिथे कुणी असे म्हणाले नाही की ज्यांना विमा घेताच येत नाही त्यांचे काय. मीही नाही म्हणालो.

म्हणजे माझ्या भीतीचा तपास केला तर असे दिसते. माझी खरी सुरक्षितता ज्या ज्या गोष्टींतून आली, त्या सगळ्या सामाईक होत्या. दुष्काळी काम, सरकारी शाळा, शासनाच्या तिजोरीतले निवृत्तिवेतन, ठेवींचा विमा. यातले काहीच मी एकट्याने उभे केलेले नाही. आणि आज जे मी एकट्याने उभे करतो आहे, म्हणजे वाटून ठेवलेल्या ठेवी, जाळ्या, कॅमेरे, वहीची झेरॉक्स, त्यातून झोप काही येत नाही. तरी सामाईक ते मला नुकसान वाटते आणि एकट्याचे ते शहाणपण. पहाटे तीनला जे छळते ते बहुधा हेच असावे, की सामाईकातून मी हळूहळू अंग काढून घेतले आहे आणि आपल्यासारखेच सगळ्यांनी काढून घेतले तर, ही शंका मला आतून खात असते.

आता मामांबद्दल लिहायला हवे. आमच्या पुण्यातल्या सोसायटीचे रात्रीचे वॉचमन. वय माझ्याएवढेच, एखादे वर्ष इकडे-तिकडे. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, बॉयलिंग हाऊसला होते. गेल्या नोव्हेंबरात मी माझा हयातीचा दाखला मोबाईलवर करत होतो, तर ते म्हणाले, "साहेब, माजं बी करून द्या की. गावाला जायाचं म्हंजे दोन दिस बुडत्यात." त्यांची ईपीएस-95 ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्या कामगारांची पेन्शन. त्यांचा चेहरा धरला, चष्मा काढायला लावला, दोनदा पापणी मिटवली आणि झाले. त्यांना मोठे नवल वाटले. मग म्हणाले, "मला अठराशे पडत्यात. तुमाला किती पडतं?"

मी म्हणालो, "पडतं बरं. भागतं."

प्रश्न सरळ होता आणि मी तो चुकवला. का? मामा चोरी करतील अशी भीती मला नाही. रात्रभर त्यांच्याच भरवशावर आम्ही सगळे झोपतो. मला भीती होती ती ते दोन आकडे शेजारी ठेवतील याची. ठेवले असते तर मला उत्तर देता आले नसते. सेवेपोटी म्हणावे तर त्यांनी काय कमी सेवा केली? गळीत हंगामात तीन-तीन पाळ्यांत, रसाच्या वाफेत उभे राहून माणसाने उमेदीची वर्षे काढली. मी सावलीत बसून देयके तपासली. ईपीएस-95 मध्ये किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपये आहे, आणि त्याला महागाईभत्ता जोडलेला नाही. ज्या दिवशी जो आकडा ठरला तो मरेपर्यंत तोच. बुलढाण्याहून या निवृत्तांचे आंदोलन चालते, त्याच्या बातम्या मी आतल्या पानावर पाहतो आणि पान उलटतो. अठराशेत भागत नाही म्हणून साठी उलटलेला माणूस रात्री आठ ते सकाळी आठ आमच्या फाटकावर बसतो. माझ्या सुरक्षिततेसाठी बसतो, असे आम्ही म्हणतो. खरे म्हणजे तो बसतो ते त्याच्या असुरक्षिततेमुळे. त्याला पुरेशी पेन्शन असती तर आमचे फाटक उघडेच राहिले असते.

महाराष्ट्राने खासगी सुरक्षा रक्षकांसाठी 1981 सालीच कायदा केला, मंडळे केली. असे करणाऱ्यांत आपण पुष्कळ पुढे होतो. पण रक्षकाच्या भल्याचा कायदा आणि सोसायटीची सभा यांची गाठ सहसा पडत नाही. गेल्या वर्षीच्या सभेत एजन्सीचा दर वाढला म्हणून एक रक्षक कमी करून दोन कॅमेरे वाढवावेत असा ठराव आला. उरलेल्यांनी बारा तासांची पाळी करायची. हात वर झाले, त्यात माझाही होता. फ्लॅटमागे महिन्याला जे वाचले त्यात आठवड्याचे दूधही येत नाही. सुरक्षा हा विषय असल्याने चर्चा बरीच झाली. कॅमेरे किती मेगापिक्सेलचे, रेकॉर्डिंग किती दिवस राहणार, मोलकरणींची नोंद ॲपवर कशी करायची. बारा तास जागणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न सुरक्षेच्या विषयात बसतो असे कुणाला वाटले नाही.

तर मग आता काय? निवृत्तिवेतन सोडणार का, असे मी स्वतःला विचारून पाहिले. नाही सोडणार. सोडले तरी ते मामांना मिळणार नाही, आणि हे उत्तर मला सोयीचे आहे एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. ठेवी मोडणार का? नाही. जाळीचा दरवाजा काढणार का? बायको काढू देणार नाही आणि मलाही तो हवा आहे. भीती विचारपूर्वक सोडता येते असे मला वाटत नाही. तिच्यात आणखी कुणाला सामील करून घेता आले तर कदाचित तिचा भार थोडा हलका होत असावा. आयेची भीती गेली नव्हती. मस्टरवर आणखी शेकडो नावे आपल्या नावासोबत आहेत म्हणून ती तिला पेलत होती.

सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या कराव्यात, आठवड्याची सुटी पगारी असावी आणि रक्षकांच्या भविष्य निर्वाह निधीचा भरणा झाल्याची चलने एजन्सीने दर महिन्याला समितीला दाखवावीत, असा विषय मी सचिवांकडे लेखी दिला आहे. देखभाल खर्च वाढेल. किती वाढेल त्याचा फ्लॅटनिहाय तक्ता करून जोडला आहे. ते काम मला येते. विषय देताना मनात हेही आले की मनाला शांत झोप मिळावी म्हणून भरलेला हा आणखी एक हप्ता तर नाही ना. असेलही. असला तरी हा हप्ता दुसऱ्याच्या उपयोगी पडेल, एवढे खरे.

सचिवांनी कागद वाचला आणि म्हणाले, सूचक म्हणून तुमचे नाव घालतो, अनुमोदक तुम्ही आणा. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांना विचारले आहे. विचार करून सांगतो म्हणाले. त्यांचीही पेन्शन जुनीच आहे.